पहिलवानाचं ताट

मांडा माझ्या हातावरच फाटला.

मांडा फाटणं म्हणजे काही आभाळ फाटणं नव्हे. पण आमच्या खानदेशात, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली असताना, नव्या सुनेच्या हातावर तो फाटला तर आभाळ परवडलं. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं होतं. पुरण भरलेला गोळा मी या हातावरून त्या हातावर झेलत होते. तो मनगटावरून कोपराकडं पसरत चालला होता, पातळ होत होता, पार पंचाएवढा झाला होता. आता खापरावर टाकायचा एवढंच बाकी, आणि मधोमध टर्रकन गेला. पुरण चुलीत पडलं आणि सगळ्या घरात जळक्या गुळाचा वास सुटला.

"माय वं!" सासूबाई ओरडल्या. "अख्ख्या गल्लीत सांगून बसली मी, मांड्यांची राणी आनली म्हनून. ही राणी?"

मी दुसरा गोळा घेतला. तोही फाटला. तिसरा हातावर घेतला तेव्हा मला चुलीवर दोन खापरं दिसायला लागली. मी मांडा टाकला तो नेमका जे खापर नव्हतं त्याच्यावर. मग मीही त्याच्यामागे गेले. कोपर खऱ्या खापराला लागलं, चर्र झालं आणि मी जमिनीवर.

तोंडावर पाणी मारल्यावर शुद्धीवर आले, तर ओट्यावरून शेजारणींची डोकी आत वाकलेली. सासूबाई कमरेवर हात ठेवून मामंजींना सांगत होत्या, "हिच्या बापाले सांगावा धाडा. म्हना, घेऊन जा तुमची पोर. रोगी पोर गयात मारली आमच्या. लगनात कशी टनटनीत दिसत व्हती!"

"आखाजीले लेकी माहेरी जातातच," मामंजी म्हणाले. ते गरीब माणूस. वाद मिटवायला कॅलेंडरही पुढं करायचे.

"आखाजीले नही. कायमची!"

भाजल्या कोपरापेक्षा मला दुसरंच भाजत होतं. मी रोगी नव्हते. मी उपाशी होते. आणि जिनं मला उपाशी ठेवलं होतं तीच बाई कमरेवर हात ठेवून मला रोगी म्हणत होती. निदान त्या दिवशी तरी मी हेच धरून चालले होते. अंगात त्राण असतं तर तापलेलं खापर उचलून मी काय केलं असतं, ते आता या वयात सांगण्यात अर्थ नाही.

कारण माहेरी मी कशी होते ते ऐका. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर एक, आणि वाटेत कुणाचा बैल आडवा आला तर त्याला खांद्यानं सरकवून पुढं जायचे. खोटं वाटत असेल तर त्या बैलाला विचारा. तो आता हयात नाही हा काही माझा दोष नव्हे. मांडे तर असे करायचे की एकदा वाऱ्यानं हातावरचा मांडा उचलला आणि तीन घरं पलीकडच्या म्हातारबाईनं लुगडं वाळत घातलंय म्हणून घडी करून ठेवला.

आमच्या माहेरी बायका चुलीभोवती गोल बसायच्या, मध्ये पातेलं, जिला लागेल तसं तिनं घ्यावं. माझं लग्न माघात झालं, तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी आले. पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी सांगितलं, "आमच्या घरी बायको नवऱ्याच्या ताटात जेवते. तो उठला की तू बसायचं. पातेल्याले हात लावायचा नही. मी बी तशीच जेवते."

त्यापुढं एक अक्षर नाही. त्यांना वाटलं, एवढं सांगितलं म्हणजे सगळं सांगितलं.

माझ्या नवऱ्याचं नाव सुपडू. पहिल्या दिवसांत तो ताटात माझ्यासाठी ठेवायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची अख्खी भाकरी, वरणाची वाटी, वांग्याच्या भरताचा चांगला मधला भाग. एकदा भाकरीखाली जिलबी लपवलेली सापडली. आमचं दोघांचं बोलणं अजून धड झालं नव्हतं, दिवसा तर तोंडाकडं बघायचीही चोरी. पण ताट बोलत होतं. ती जिलबी खाताना मी दाराकडं पाठ करून हसले होते, हे मला आजही आठवतं आणि आजही त्याचा राग येतो.

कारण महिनाभरातच गावातल्या तालमीत नवा वस्ताद आला. त्यानं सुपडूच्या दंडाला हात लावून बघितला आणि म्हणाला, आखाजीच्या जत्रेत तू मानाची कुस्ती मारशील. झालं! नवऱ्यानं लंगोट कसला. पहाटे जोर, सकाळी बैठका, दुपारी मातीत लोळण, संध्याकाळी मुदगल. झोपायलाही तालमीत. लग्न केलं माझ्याशी आणि रात्री जायचा मारुतीपाशी. घरी यायचा तो फक्त जेवायला.

आणि काय जेवायचा! तेव्हा मी त्याला अहोजाहो करत होते. ही गोष्ट सांगताना करणार नाही.

सासूबाई त्याच्या ताटात भाकऱ्यांची चळत लावायच्या. वरणावर तूप, शेजारी दुधाचा तांब्या, पापड, ठेचा, शेंगदाण्याचे लाडू. मी दाराआड उभी राहून बघायचे. चळत खाली खाली यायची. आता थांबेल, आता थांबेल. तो थांबायचा नाही. शेवटी बोटानं ताट निपटायचा, असं की धुवायची गरज राहू नये. मग पाणी पिऊन ढेकर देऊन उठायचा, आणि मी त्या चकचकीत ताटापुढं बसायचे. त्यात मला माझंच तोंड दिसायचं. रोज थोडं बारीक.

सासूबाई तेव्हा माजघरात मामंजींच्या ताटावर बसलेल्या असायच्या. मधली भिंत. मी ताट घासून पालथं घालायचे, त्या बाहेर येऊन बघायच्या आणि समाधानानं म्हणायच्या, "जेवली? बरं."

शेजारणींना सांगायच्या, "आमची सून खाते मातर व्यवस्थित हो. ताटात शीत ठेवत नही."

हा टोमणा ऐकून माझ्या नाकपुड्यांतून धूर निघायचा. मनात म्हणायचे, बाई, पोराला कोंबतेस, मला कोरडं ताट चाटायला लावतेस, वर गावाला सांगतेस की मी खाते!

मागावं तर कसं मागावं? नव्या सुनेनं भूक लागली म्हणायचं म्हणजे बापाचं नाक कापायचं. जातं मी ओढायचे, विहिरीचं पाणी मी आणायचे, गोठा माझ्याकडं. त्याच्या बैठका मोजायला तालमीत पोरं उभी असायची. माझं दळण कुणी मोजलं नाही. पोत्यातले कच्चे शेंगदाणे ओच्यात घ्यायचे, कढीच्या पातेल्याला धरलेली खरड खायचे. शेवटी शेवटी म्हशीच्या आंबोणातली सरकीची ढेप चोरून खाल्ली. म्हैस माझ्याकडं संशयानं बघायला लागली, दूधही कमी केलं तिनं. लुगडं असं सैल झालं की गच्चीवर पापड वाळत घालताना मी आधी पदरावर दगड ठेवायचे, न जाणो वारा आला तर.

आणि एक गोष्ट पाहिली होती, ती कुणाला सांगितली नव्हती. एका दुपारी ताटात अर्धी भाकरी आणि डाळीचा घोट उरला होता. सुपडूचा हात थांबला. त्यानं मान वर करून दाराकडं पाहिलं. मी दाराआडच होते, माझ्या लुगड्याचा काठ त्याला दिसत असणार. काठाकडं पाहिलं, भाकरीकडं पाहिलं. मग भाकरीची घडी घातली, डाळीत बुडवली आणि तोंडात टाकली.

तेव्हा मला वाटलं, बिचारा लाजला.

तर मांडा फाटला आणि सांगावा गेला. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत बाबांची बैलगाडी दारात. माझे बाबा उंच, काटकुळे, फार बोलायचे नाहीत. ओट्यावर पाय ठेवला आणि त्यांनी मला पाहिलं. माझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, त्या पाहिल्या.

"काय वं पोरी, इतकी कशी वायली?"

मी बोलायच्या आत सासूबाई पुढं झाल्या. "तेच आम्ही विचारतो! व्याही, पोर दाखवली ती कोन व्हती अन् पाठवली ती कोन हाय? तीन मांडे केले, तिन्ही फाडले. खापरावर पडली. असा आजार व्हता तर लगनाआधी सांगायचं."

"विहीनबाई," बाबा शांतपणे म्हणाले, "पोर घरातून निंघाली तव्हा तिले साधी शिंक येत नव्हती."

"म्हंजे? आम्ही उपाशी ठेवलं?"

"मी तसं म्हनलो नही."

"मग कोन म्हनतं?"

"तिचा हात म्हनतो."

ओट्यावरच्या शेजारणी आणखी आत वाकल्या. मामंजी टोपी काढून पुन्हा घालू लागले. सासूबाईंचा चेहरा असा लाल झाला की खापर मागं पडावं.

"तिलेच विचारा! माझ्या तोंडावर विचारा! या घरात मानसाच्या तोंडचा घास कोनी काढला नही आजपर्यंत. रोज दोघांचं वाढते मी. दोघांचं! माझ्या हातानं. लेकाचं अन् सुनेचं. सुनेचं जरा जास्तीच, नवी हाय म्हनून. लाडूसुदिक दोन ठेवते!"

माझ्या कानांत काहीतरी वाजलं.

"आत्याबाई," मी म्हणाले. लग्नापासून त्या घरात माझा आवाज कुणी असा ऐकला नव्हता, मीही नाही. "दोघांचं म्हणजे कोणा दोघांचं?"

"तुमचं! सुपडूच्या ताटात. त्यानं त्याचं खायचं, तुझं ठेवायचं. अशीच रीत हाय. तुझे सासरे नही का ठेवत माझं?"

"मग ती भाकऱ्यांची चळत…"

"वरच्या त्याच्या, खालच्या तुझ्या. येडी का काय तू? एकटं मानूस तेवढं खाईन का?"

भिंतीच्या एका बाजूला बसून ही बाई माझ्या वाटणीचं रोज वाढत होती आणि मी दुसऱ्या बाजूला बसून तिला शिव्या घालत होते. आणि मध्ये—

मध्ये तो उभा होता. दारात. तालमीतून आलेला, अंगाला लाल माती, खांद्यावर टॉवेल. दोन महिन्यांत तो असा फुगला होता की दारातून आडवा होऊन आत यायचा. माझ्या दोन महिन्यांच्या भाकऱ्या त्याच्या दंडावर, मानेवर, छातीवर जागोजाग बसलेल्या मला दिसत होत्या. डाव्या दंडातला लाडू तर मी ओळखलाच.

"सुपडू," सासूबाईंचा आवाज खाली आला. "तू ताट निपटून उठतो रोज?"

तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"अरे, तुले माहीत नव्हतं का, त्यात तिचं असते म्हनून?"

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मी मनात हात जोडले. म्हण रे बाबा, माहीत नव्हतं म्हण. एवढं एक खोटं बोल. पहिलवानाची अक्कल गुडघ्यात असते असं मी स्वतःच स्वतःला समजावीन आणि सगळं विसरून जाईन. जन्मभर मी लोकांना इतक्या थापा ऐकवल्या, त्या दिवशी मला एक ऐकायची होती.

"माहीत व्हतं," तो म्हणाला.

बाहेर बाबांच्या बैलानं घुंगरं हलवली.

"आखाजीच्या कुस्तीपर्यंतच," तो घाईनं सांगायला लागला. "वस्ताद म्हने, अंग धरायले पाहिजे. मंग मी ठेवनारच व्हतो. अन् ती… ती तरी कुठं काही बोलली? मी म्हनलं, माय देत असन तिले वरून."

"मी देत असन!" सासूबाई किंचाळल्या. "अन् तू बघून खात व्हता!"

मग त्यांनी हाताला लागलं ते उचललं. हाताला लागली ती मांड्यांच्या भिजवलेल्या कणकेची परात. मांड्याची कणीक कशी असते माहीत आहे ना? ओढली तर वाऱ्यावर जाते, चिकटली तर कातडं घेऊन निघते. ती सगळी त्यांनी त्याच्या डोक्यावर ओतली. कणीक कानांवरून, मातीवरून, माझ्या भाकऱ्यांवरून खाली ओघळायला लागली. तो हलला नाही. गावातल्या जाणत्या माणसांचं मत आहे की सुपडू पहिलवानाला जागेवरून कुणी हलवू शकत नसे. त्या दिवशी निदान ते खरं होतं.

मामंजी त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. कधी आवाज न चढवणारा माणूस. "अरे, माझ्यानं भूक सोसवत नही, तुले माहीत हाय," ते म्हणाले. "दुष्काय पडला व्हता तव्हाबी तुझ्या मायचं मी ठेवलं. अर्धी असली तर अर्धीची अर्धी ठेवली. अन् तू घरात कनगी भरलेली असून…" त्यांनी टोपी काढली आणि ती पुन्हा घातलीच नाही.

"चल पोरी," बाबा म्हणाले. "गाडी उभी हाय."

मी उठले. पण गाडीकडं गेले नाही. सुपडूचा पाट भिंतीला उभा होता तो घेतला, चुलीपुढं टाकला आणि त्यावर बसले. सासरा समोर, बाप समोर, नवरा समोर, ओट्यावर अर्धी गल्ली. नवी सून पाटावर. तेव्हाच्या काळात ही गोष्ट डोक्यावरचा पदर फेकण्याच्या खालोखाल होती.

"वाढा आत्याबाई," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग त्यांनी सुपडूचं ताट ओढलं आणि वाढायला लागल्या. त्या वाढत गेल्या, मी खात गेले. भाकरी, वरण, तूप, कढी, त्यांनी आदल्या दिवशी स्वतः केलेले मांडे, तांब्याभर दूध. किती खाल्लं ते सांगत नाही, आधीच माझं नाव वाईट आहे. एवढंच सांगते की दुपारी कुत्रं येऊन दारात बसलं, त्यानं आतला प्रकार पाहिला आणि उठून दुसऱ्या आळीत गेलं ते पोळ्यापर्यंत परत आलं नाही. खाताना मी रडत होते का? होते. पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. एकेका घासाबरोबर मला ते सगळे दिवस आठवत होते, ती ढेप, ती खरड, दाराकडं वळलेली ती मान. लाजला नव्हता तो. हिशेब करत होता. राग असा चढत होता की जेवण गरम आहे की गार तेही कळलं नाही.

शेवटचा घास घेऊन मी बोटानं ताट निपटलं. अगदी त्याच्यासारखं. मग ते उचलून त्याच्यापुढं ठेवलं. "घ्या. बसा जेवायला."

त्यानं वाकून ताटात पाहिलं. कणकेनं माखलेलं स्वतःचं तोंड दिसलं असेल.

"यात तर काहीच नही," तो हळू म्हणाला.

"रोज मीही हेच म्हणत होते. तुम्हाला ऐकू गेलं नाही."

मी हात धुतले आणि गाडीकडं निघाले. सासूबाई मागून आल्या, त्यांनी माझं मनगट धरलं. "आता कसाले जाते? कयलं ना सगळं? आता मी वेगयं वाढीन तुले, माझ्या डोयापुढं."

"तुमचा राग निघून गेला आत्याबाई," मी म्हणाले. "माझा आता कुठं आलाय. आणि तुम्ही गल्लीभर मला रोगी करून ठेवलंय, ते?"

त्या ओट्याच्या टोकाला गेल्या, पदर खोचला, आणि माझ्या कानठळ्या बसतील अशा आवाजात गल्लीला सांगितलं, "ऐका वं बायायहो! माझी सून रोगी नही! माझा पोरगा खादाड हाय!"

असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. सातपुड्यावर आपटून तो परत आला आणि आमच्या गाडीला वाटेत पुन्हा भेटला.

आखाजी मी माहेरी केली. झोक्यावर बसले, गौराई मांडली, गाणी म्हटली, पण गाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की मी उठून पाणी प्यायला जायचे. कुस्तीची बातमी वाऱ्यावर आली. कुणी म्हणे सुपडू पडला. कुणी म्हणे बरोबरीत सुटली. एकानं तर डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं की समोरच्यानं नुसतं विचारलं, "बायकोचं जेवून आला का रे?" आणि सुपडू आपणहून उताणा झाला. मी ही शेवटची हकीकत सगळीकडं सांगत असते, कारण ती मला आवडते.

आखाजीनंतर थोड्याच दिवसांत तो आमच्या दारात उभा राहिला. वैशाखातली दुपार. चालत आलेला, अंग उतरलेलं, डोक्याला बांधलेला पटका घामानं काळा पडलेला. बाबांनी पाणी दिलं, विचारलं काही नाही. आईला मात्र जावई म्हणजे जावई. तिनं मांडे केले, आमरस काढला, तूप ओतलं आणि ताट भरून पुढं ठेवलं. मी दाराआड उभी. जुनीच जागा, फक्त घर वेगळं.

तो जेवायला बसला. आधी त्यानं बोटानं ताटात मधोमध रेघ ओढली. रस इकडं, रस तिकडं. मांडे मोजून दोन बाजूंना केले. मग आपल्या बाजूचं खाल्लं, सावकाश. पलीकडच्या बाजूला बोटही लागू दिलं नाही. तुपाचा ओघळ रेघ ओलांडून त्याच्याकडं यायला लागला, तर त्यानं मांड्याच्या तुकड्यानं तो परत माझ्या बाजूला लोटला. तीन कोस चालून आलेला माणूस, भूक डोळ्यांत दिसत होती. तो पाणी पिऊन उठला आणि दाराकडं, म्हणजे माझ्याकडं बघून म्हणाला, "द्वारका, तुझं ठेवलं हाय."

आईच्या डोळ्यांत पाणी. "बघ वं," ती मला कुजबुजली, "शिकला. आता बस अन् जेव. अन् राग सोड."

मी बाहेर आले. ताटाकडं पाहिलं. खरंच बरोबर अर्धं होतं. अर्ध्याहून थोडं जास्तच. आणि ते बघून माझा राग विझायच्या ऐवजी नव्यानं भडकला. हा आता देतोय म्हणून मी जेवायचं. उद्या नवा वस्ताद आला, नवी कुस्ती लागली, की रेघ सरकणार, आणि मी पुन्हा दाराआडून ती किती सरकली ते बघत उभी राहणार.

"हे म्हशीला घाला," मी आईला म्हणाले.

"अगं!"

"मी कुणाचं उष्टं खात नाही आता. अर्धं नाही, पाऊण नाही, आणि त्यानं सोन्याची रेघ ओढली तरी नाही."

सुपडू गोंधळला. राग त्यालाही आला असावा, मानेची शीर उठली. "मंग मी करू तरी काय? तूच सांग."

"माझं ताट आणा. माझं स्वतःचं. तुमच्या ताटात वाढतील त्याच वेळी त्यात वाढलं जाईल. तुम्ही उठायची वाट मी बघणार नाही. ते आणा, मग येते."

त्यानं बाबांकडं पाहिलं. बाबा छताकडं बघत होते, आणि छतात बघण्यासारखं काही नव्हतं. तो उन्हात उतरला. बाजार सावद्याला, आणि सावदा काही अंगणात नव्हतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा तो आला. काखेत नवं पितळी ताट, चेहरा भाजल्यासारखा लाल. ताट त्यानं माझ्यापुढं ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. आईनं कौतुकानं ताट हातात घेतलं, पदरानं पुसलं. "कसं लखलखतं वं!"

मी आत गेले. दुपारी ज्यात त्याला वाढलं होतं ते ताट आणलं, जमिनीवर ठेवलं आणि त्याच्या आत नवं ताट ठेवून पाहिलं. चारी बाजूंनी बोटभर जागा उरली.

"लहान आहे," मी म्हणाले.

"द्वारके, जनाची नही तर मनाची!" आई ओरडली. "बाहेर ऊन बघ. त्याचे पाय बघ!"

मी त्याचे पाय पाहिले. फोड आले होते. माझ्या कोपरावर होता तसाच एक, टाचेवर, मोठा.

सुपडूनं दोन्ही ताटांकडं पाहिलं. त्यानंही ती उरलेली जागा पाहिली, आणि या वेळी न पाहिल्याचं सोंग केलं नाही. तो उठला, विहिरीवर जाऊन पोटभर पाणी प्यायला, पटका सोडून पुन्हा घट्ट बांधला. लहान ताट काखेत मारलं आणि सावद्याच्या वाटेला लागला.

"हाक मार त्याले," आई म्हणाली. "अजून वळणापाशी बी गेला नही."

तो वळणापर्यंत गेला. मी दारात उभी राहून बघत होते. हाक मारली नाही.